महानंदा अक्कांची प्रार्थना थांबली तेव्हा

के. आर. पुरम स्टेशनच्या मागच्या अंगाला महानंदा अक्कांचं बैठं घर होतं. पुढे सिमेंटचा ओटा, ओट्याशी कढीपत्त्याचं झाड आणि आत एक मोठी खोली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता त्या खोलीत आम्ही बेंगळुरूतली मराठी ख्रिस्ती माणसं प्रार्थनासभेला जमायचो. दहा-बारा कुटुंबं असतील. सकाळी प्रत्येक जण आपापल्या घराजवळच्या चर्चला जाऊन आलेला असायचा, कुणी इंग्रजी उपासनेला, कुणी कन्नड. येलहंक्याचं एक कुटुंब तर तमिळ उपासनेला बसायचं आणि निम्मं कळत नाही म्हणून हसायचं. चार वाजता अक्कांच्या घरी आलं की सगळ्यांच्या जिभा सैल व्हायच्या. निपाणीची, खानापूरची, मिरजेची, माझ्या आईची नगरकडची, अशा सगळ्या मराठी एका सतरंजीवर बसायच्या.

मी, यशश्री, त्या सतरंजीवरच लहानाची मोठी झाले. माझे बाबा पद्माकर एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आई कल्पना शाळेत शिकवायची. आम्ही बदलीवर इथे आलो तेव्हा मी तीन वर्षांची होते. आई सांगते की पहिल्या रविवारी मी अक्कांच्या मांडीवर झोपून गेले आणि अक्का मला तशीच घेऊन तासभर बसल्या, पाय बधिर झाला तरी हलल्या नाहीत.

अक्कांचे यजमान दयानंद अण्णा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. सभेत ते बोलल्याचं मला आठवत नाही. दाराशी बसायचे, उशिरा येणाऱ्याला सरकून जागा करून द्यायचे आणि शेवटचं गीत सुरू झालं की उठून कॉफी ठेवायला आत जायचे. कितीही घासले तरी त्यांच्या नखांच्या कडेला काळं राहायचंच. त्या हातांनी ते आम्हा मुलांना बेकरीतली खारा बिस्किटं वाटायचे. जिरं आणि हिरवी मिरची घातलेलं ते बिस्किट आजही कुठे खाल्लं की मला त्या घरातली संध्याकाळची तिरपी उन्हं दिसतात.

आणखी एक माणूस सांगायला हवा, पिराजी मामा. संकेश्वरचे. लाकडाला पॉलिश करायचं काम करायचे, अंगाला नेहमी स्पिरिटचा वास. शास्त्रपाठ पाळीपाळीने व्हायचा. मामांची पाळी आली की ते शर्टाचा खिसा चाचपायचे, म्हणायचे, "चष्मा घरात ऱ्हायला की," आणि पुस्तक शेजाऱ्याकडे सरकवायचे. आम्ही मुलं ते आधीच ओठांत पुटपुटायचो आणि एकमेकांना कोपर मारायचो.

पण लोक यायचे ते अक्कांच्या प्रार्थनेसाठी. अक्का निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या. मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि सत्ताविसाव्या वर्षी अण्णांशी लग्न करून इथे आल्या. तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्ड सांभाळला. उंच, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. बोलणं थोडकं, त्यात कन्नड मिसळलेलं. "स्वल्प थांब," "सरी, पुढं बोल." 'बरं'च्या जागी नेहमी 'सरी'. प्रार्थना करतानाही तसंच बोलायच्या. देवासमोर मोठमोठे शब्द नसत. अमक्याच्या मुलीचं स्थळ, तमक्याच्या आईचा मोतीबिंदू, होसकोट्याहून रोज दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या कुणाची पाठ, सगळं नावानिशी, एकही न विसरता. वॉर्डातल्या सिस्टरने डॉक्टरला एकेका पेशंटची हकिकत सांगावी तसं. आपलं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं की माणूस हलका व्हायचा. मी दहावीच्या परीक्षेला जाताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्यांना फोन केला होता. सगळेच करायचे.

त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मात्र मला आठवत नाही. सभेत विनंत्या विचारताना त्या सगळ्यांकडे एकेक करून बघायच्या आणि शेवटी डोळे मिटायच्या. "आणि अक्का, तुमचं काय?" असं आम्हीही कधी विचारलं नाही. त्यांचं काही असेल असं वाटायचंच नाही.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात बाबांना कोरोना झाला. त्यांना हॉस्पिटलात ठेवलं, आम्ही दोघी घरात बंद. आई दिवसातून तीन-तीनदा अक्कांना फोन लावायची. ऑक्सिजन किती, ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगायची, आणि अक्का फोनवर प्रार्थना करायच्या. एका दुपारचा फोन मला नीट आठवतो. बाबांना आयसीयूत हलवल्याचं कळलं होतं. आई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून बोलत होती, रडत होती, पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. फोन स्पीकरवर होता. अक्का शांतपणे उत्तर देत होत्या. मध्ये एकदा पलीकडून खोकल्याचा आवाज आला. अक्का फोनपासून तोंड बाजूला करून म्हणाल्या, "आले, एवढं झालं की आले." मग पुन्हा आईशी बोलायला लागल्या.

तीन दिवसांनी दयानंद अण्णा गेले. बाबा त्यानंतर बारा दिवसांनी घरी आले.

अण्णांच्या मातीला आठ माणसं होती. आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यांची मुलगी कावेरी मस्कतला नर्स आहे, तिनेही पडद्यावरच पाहिलं. पीपीई घातलेल्या चौघांनी पेटी खाली सोडली आणि अक्का थोड्या अंतरावर हात जोडून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. आई म्हणाली, "बघ कसा विश्वास आहे." आम्ही सगळ्यांनीच तसं म्हटलं.

पुढच्या वर्षी सभा पुन्हा सुरू झाली. तीच सतरंजी, तीच वेळ. कॉफी आता बायका मिळून करायच्या. अक्का पुन्हा प्रार्थना करायला लागल्या, पण आता त्यांच्या हातात खाकी पुठ्ठ्याची एक जुनी वही असायची आणि त्यातून त्या वाचायच्या. छान शब्द असायचे, कुठल्याशा पाळकांच्या प्रार्थना उतरवून घेतलेल्या. दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की त्या कुणाचंच नाव घेत नाहीत. एकदा मी त्यांच्या अगदी शेजारी बसले होते. त्यांची नजर पानाच्या वरच्या ओळीवर होती आणि तोंडातून शब्द दुसरेच, पाठ केलेले येत होते. मी घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "वय झालंय गं. आणि अण्णा गेल्यापासून माणूस बदलणारच." मीही तो विषय सोडून दिला. अक्कांना विचारायचं धाडस मला झालं नसतं.

ऑगस्टच्या सभेत आईने विनंती केली. बाबांची वर्षानंतरची तपासणी झाली होती, फुप्फुसं स्वच्छ निघाली होती. आईने केशरी शिरा करून आणला होता.

"अक्का," आई म्हणाली, "यांच्यासाठी आज उपकारस्तुतीची प्रार्थना तुम्हीच करा. तुमच्याच प्रार्थनेनं हे परत आले."

बाबा संकोचून खाली बघत होते. अक्कांनी वही उघडली. डोळे मिटून आम्ही सगळे थांबलो. बराच वेळ काही ऐकू येईना तेव्हा मी डोळे उघडले. अक्कांनी वही मिटून सतरंजीवर ठेवली होती.

"कल्पना, मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"बरं वाटत नाहीये का?"

"मला प्रार्थना येत नाही. वर्ष होऊन गेलं. जे म्हणते ते वहीतलं म्हणते. आत काही नाही." आवाज नेहमीसारखाच होता, वॉर्डातल्या सिस्टरचा. मग तो मध्येच तुटला. "मी तुझ्याशी फोनवर बोलत होते बघ, पद्माकरांना आयसीयूत नेलं त्या दिवशी. चाळीस मिनिटं. दयानंद आतल्या खोलीत होता. अंग गरम होतं, ऑक्सिजन त्र्याण्णव. मी म्हटलं, घरी सांभाळू, मी नर्स आहे. त्यानं दोनदा हाक मारली. जवळ येऊन बस म्हणाला. त्यानं कधी काही मागितलं नाही गं, त्या दिवशी मागितलं. मी म्हटलं, एवढं झालं की आले. फोन ठेवून गेले तेव्हा ओठ निळे पडले होते. मग बेड शोधण्यात पुढचा दिवस गेला."

स्टेशनात गाडीची घोषणा चालू होती, आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत.

"तुझ्या माणसासाठी देवापाशी भांडत होते आणि माझा माणूस पलीकडं एकटा पडला होता," अक्का म्हणाल्या. "तेव्हापासून डोळे मिटले की मला त्याची हाक ऐकू येते. कुणाचं नाव घ्यावं?"

आई उठली. ती कुणाकडे न बघता दाराबाहेर गेली आणि चप्पल न घालताच कढीपत्त्याच्या झाडापाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे गेले. तिने माझा दंड घट्ट धरला.

"मी अण्णांबद्दल एका शब्दानं विचारलं नाही," ती म्हणाली. "ते आतून खोकत होते, माझ्या कानावर आलं होतं गं. मी ऐकलं होतं."

मीही ऐकलं होतं. ते मी तिला तिथेच सांगितलं.

आत कुणीतरी घसा साफ केला. उघड्या दारातून पिराजी मामा दिसत होते. ते कधी सभेत आपणहून बोलत नसत. मांडी बदलून ते अक्कांच्या समोर सरकले.

"अक्का," ते म्हणाले, "मला वाचाय येत न्हाई."

अक्कांना आधी ते समजलंच नाही. "काय म्हणालास?"

"चष्मा नव्हता कधी. डोळं चांगलं हाईत माझं. अक्षर येत न्हाई. वीस वरसं झाली, लाज वाटत हुती. तुमी आज एवढं सांगितलंसा, मग मी कशाला लपवू."

मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. मामांनाही हसू आलं असावं. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मोठ्याने प्रार्थना केली, आयुष्यात पहिल्यांदाच असेल. "देवा, अक्का दमल्यात. त्यास्नी बोलाय येत न्हाई. आमालाबी नीट येत न्हाई. तू बघ काय ते." आमेन म्हणायला ते विसरले, ते येलहंक्याच्या आजींनी म्हटलं.

त्या दिवशी शिरा कुणी फारसा खाल्ला नाही. सगळं तिथेच सुरळीत झालं असंही नाही. एक कुटुंब पुढच्या महिन्यापासून यायचं बंद झालं. पुढे बसणाऱ्यानेच असं बोलायचं तर मागच्यांनी कुणाकडे बघायचं, असं त्यांनी बाबांना फोनवर सांगितलं. बाबांनी वाद घातला नाही. आईसुद्धा सप्टेंबरच्या सभेला गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. बाबांची तब्येत चांगली आहे याचाच तिला त्रास व्हायला लागला होता. ते जिना चढून आले की ती त्यांच्याकडे बघायची आणि मान फिरवायची.

ऑक्टोबरात एका बुधवारी तिने शाळेतून अर्धा दिवस घेतला, शेपूची भाजी आणि भाकरी डब्यात भरली आणि मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटी गेले तर परत फिरेन."

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आई त्यांच्या शेजारी बसली आणि बसल्या बसल्याच बोलून मोकळी झाली, जणू वाटेत पाठ करत आली होती.

"अक्का, त्या दिवशी तुम्ही फोन ठेवला असतात तर मी कोसळले असते. पण मी एकदा तरी विचारायला हवं होतं, अण्णा कसे आहेत म्हणून."

अक्का म्हणाल्या, "तू विचारलं असतंस तरी मी सांगितलं असतं, तो बरा आहे म्हणून."

"का?"

"सवय. तीस वर्षं पेशंटपुढं उभं राहायचं, तर तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. तेच घरी केलं, तेच देवाच्या घरी केलं." त्यांनी आईचा हात हातात घेतला. "कल्पना, मी तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, माझा माणूसही आजारी आहे, मला भीती वाटते. तू फोन ठेवला असतास. रडत ठेवला असतास, पण ठेवला असतास. नाही का?"

"ठेवला असता," आई म्हणाली.

मग दोघी रडल्या. अक्कांना रडताना मी प्रथमच बघत होते. त्यांना ते नीट येतही नव्हतं, मध्येच श्वास अडकायचा. मी कॉफी करायला आत गेले. डब्यांवर अण्णांच्या हातच्या चिठ्ठ्या तशाच चिकटवलेल्या होत्या, कन्नड अक्षरांत लिहिलेल्या. कॉफीचा फिल्टर कुठे ठेवतात ते शोधायला मला फार वेळ लागला. मी मुद्दामच लावला.

त्यानंतर दर बुधवारी आई तिकडे जायला लागली. प्रार्थनेसाठी म्हणून नव्हे. दोघी स्टेशनपुढच्या बाजारात भाजी आणायच्या, कधी कावेरीशी फोनवर बोलायच्या, कधी नुसत्याच बसायच्या. अण्णांच्या गोष्टी निघायच्या. अण्णा लग्नाआधी मिरजेला भेटायला यायचे तेव्हा वॉर्डाबाहेर उभे राहून घामाघूम व्हायचे, हे मला तेव्हा कळलं. आई घरी येऊन बाबांना सांगायची आणि बाबा हसायचे.

मंगळवार आणि शुक्रवार पिराजी मामांचे. अक्कांनीच त्यांना बोलावून घेतलं. "चष्मा नसतानाच ये," म्हणाल्या. मामा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. पाटीवर अक्षरं गिरवायला त्यांचं पॉलिश करणारं बोट चांगलं वळायचं, कारण हात स्थिर होता. पण जोडाक्षर आलं की ते रुसायचे. आम्ही कधी गेलो की ओट्यावरची दोघांची भांडणं ऐकू यायची.

"पिराजी, हा र आहे. पोटात घेतलाय."

"पोटात घेतलाय तर दिसंल कसा?"

अक्का हसायच्या. अण्णा गेल्यानंतर त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा ऐकलं ते या र वरून.

सभेत आता अक्का हातात वही घेत नव्हत्या. प्रार्थना कुणीही करायचं, जसं जमेल तसं. कधी अडखळत, कधी दोन वाक्यांत. विनंत्याही बदलल्या. पूर्वी परीक्षा, नोकरी, मोतीबिंदू असायचे. आता येलहंक्याच्या आजी म्हणाल्या की सून बोलत नाही आणि चूक माझीच आहे. बाबांनी सांगितलं की आयसीयूत शेजारच्या पलंगावरचा माणूस गेला तेव्हा आपल्याला आपण वाचलो याचा आनंद झाला होता आणि तो आनंद आठवला की जेवण जात नाही. त्यांनी हे आम्हाला घरात कधी सांगितलं नव्हतं. मीही पुढे एकदा बोलले, माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, माझ्या पाठीवर दोन-तीन हात होते तेवढं आठवतं.

पुढच्या वर्षीच्या ईस्टरला पिराजी मामांनी शास्त्रपाठ वाचला. चार ओळी. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत. सहा मिनिटं लागली असतील. शब्द अडला तरी कुणी सांगायचं नाही असं अक्कांनी बजावलं होतं. वाचून झाल्यावर मामांनी पुस्तक मिटलं नाही, तसंच मांडीवर उघडं ठेवून बसून राहिले.

अक्कांची प्रार्थना परत आली ती त्यानंतरच्या नोव्हेंबरात, कुणी मागितली नसताना. सभा संपत आली होती. त्या डोळे उघडे ठेवूनच बोलल्या. "प्रभू, दयानंदला तू तुझ्यापाशी नेलंस. सरी. माझा राग अजून गेला नाही, तो तुला माहीत आहे. तो एकटा होता तेव्हा तू होतास असं मी धरून चालते. आमेन." मग त्या आईकडे बघून म्हणाल्या, "कॉफी कोण ठेवतंय?"

ते घर आता नाही. बाजूचे तीन प्लॉट एकत्र झाले आणि तिथे पाच मजली इमारत उभी राहिली. अक्का होसकोट्याला तळमजल्यावर दोन खोल्यांत राहतात. सभा आता आमच्या फ्लॅटमध्ये होते, लिफ्टने वर येऊन. नवी मुलं येतात, पुण्याकडची, कंपन्यांतली, निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी बोलणारी. सोफ्यावर बसतात. मला अजून दुसरा रविवार आला की तो ओटा आठवतो, ओट्यापुढच्या चपलांचा ढीग आठवतो आणि आपण तिथे फार उशिरापर्यंत एकमेकांना ओळखतच नव्हतो, हेही आठवतं.

गेल्या डिसेंबरात अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. कावेरीला रजा मिळायला चार दिवस होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या ग्रुपवर हॉस्पिटलातून अक्कांचा मेसेज आला. "मी इतक्या लोकांना ऑपरेशनला पाठवलं. मला स्वतःला खूप भीती वाटते. कुणी येऊन बसाल का?"

दुपारच्या भेटीच्या वेळी आम्ही अकरा जण गेलो. दोघांनाच आत सोडतात म्हणून वॉचमन अडून बसला. पिराजी मामा त्याच्याशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलले आणि शेवटी त्याने दोघा-दोघांना पाळीने सोडलं. आई आणि मी गेलो तेव्हा अक्का हिरव्या गाऊनमध्ये पडल्या होत्या, केस मोकळे. आईने कंगवा काढला आणि त्यांची वेणी घालायला लागली. मी पायाशी बसले. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. वेणी अर्धी झाली तोवर अक्कांना झोप लागली होती. आईने उरलेले पेड हळूच गुंफले आणि टोकाला रबर बांधला.